पक्षांतर आणि खडीसाखर

आमच्या हॉस्टेलमधला माझा रूममेट गोव्याचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये विधानसभेसाठी मत द्यायला तो रात्रभर बसने घरी गेला होता. त्याने ज्याला मत दिलं तो उमेदवार निवडून आला, आणि सहा महिन्यांत समोरच्या पक्षात गेला. आता निवडणुकीचा विषय निघाला की तो एवढंच म्हणतो, "तिकिटाचे पैसे वाया." त्याची चिडचिड मला पटते. पण "सगळे गद्दार" म्हणून आपण विषय संपवतो, तिथे माझं जरा अडतं. म्हणून आज माझ्या संशोधनातली एक कल्पना वापरून या रागाकडे बघू या.

मी स्फटिक कसे तयार होतात यावर काम करतो. खडीसाखर कशी बनते ते तुम्हाला माहीत असेल: दाट पाकात दोरा सोडायचा आणि वाट बघायची. पाकात साखरेचे रेणू एकत्र येऊन सतत छोटे पुंजके बनवत असतात, पण बहुतेक पुंजके लगेच विरघळतात. कारण पुंजका लहान असला की त्यातले बरेचसे रेणू बाहेरच्या बाजूला, उघड्यावर असतात आणि त्याला टिकणं महाग पडतं. एका ठरावीक आकारापलीकडे मात्र गणित उलटतं आणि वाढणंच फायद्याचं होतं. या आकाराला आम्ही 'क्रिटिकल साइझ' म्हणतो.

आता कायदा बघा. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. एकट्या आमदाराने पक्ष सोडला तर आमदारकी जाते. मात्र एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' म्हणून माफ होती. २००३ सालच्या ९१व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढली. उरली ती विलीनीकरणाची वाट: विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. म्हणजे एकटा गेला तर शिक्षा आणि घोळक्याने गेले तर माफी. क्रिटिकल साइझ इथे कायद्यातच लिहून ठेवलाय.

गोव्याचे आकडे यात ठेवून बघा. मार्च २०१९: मगोपचे ३ आमदार, २ भाजपमध्ये गेले. जुलै २०१९: काँग्रेसचे १५, गेले १०. सप्टेंबर २०२२: काँग्रेसचे ११, गेले ८. अकराचे दोन तृतीयांश ७.३३, म्हणजे किमान आठ लागतात. तिन्ही वेळा नेमका किमान आकडा, एकही माणूस जास्त नाही!

तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य. शिवाय न जमलेल्या फुटी आपल्याला सहसा दिसतही नाहीत. पण एक दिसली होती. जुलै २०२२ मध्ये काँग्रेसनेच आपल्या दोन नेत्यांवर फुटीचा कट रचल्याचा आरोप केला होता. तेव्हा फूट झाली नाही. पुंजका विरघळला म्हणा. दोन महिन्यांनी तो जमला. त्याच निवडणुकीआधी पक्षाने उमेदवारांना मंदिर, क्रॉस आणि दर्ग्यात नेऊन निष्ठेच्या शपथा दिल्या होत्या. शपथेपेक्षा अपूर्णांक भारी ठरला.

महाराष्ट्रातही जून २०२२ मध्ये आपण सगळे ३७ हा आकडा मोजत बसलो होतो, कारण शिवसेनेचे आमदार ५५ होते. पुढे शिंदे गटाने विलीनीकरणाऐवजी आपणच मूळ पक्ष असल्याचा दावा केला, त्यामुळे ती केस वेगळ्या वाटेने गेली. पण सुरुवातीचे दिवस आठवा: कोण गेलं आणि का गेलं यापेक्षा 'किती झाले' हाच प्रश्न मोठा होता.

माझी उपमा एका जागी तुटते. साखरेचा क्रिटिकल साइझ निसर्ग ठरवतो, कायद्यातला आपण ठरवलाय. आणि तो अपूर्णांकात असल्यामुळे तीन आमदारांच्या पक्षात दोघेही पुरतात. एकाने केलं तर मतदाराची फसवणूक आणि दहा जणांनी मिळून केलं तर ती नाही, हे मला कुठल्याच तर्काने पटत नाही. उलट फसवणूक दहापट होते.

मग कोणी मत बदलूच नये का? तसं मी म्हणणार नाही. पुरावा बदलला की मत बदलावं, हे तर मी रोज शिकतो. पण छापलेला पेपर चुकीचा निघाला तर तो जाहीरपणे मागे घ्यावा लागतो, आणि नवा पेपर पुन्हा परीक्षकांकडे जातो. राजकारणात याला पर्याय आहे: राजीनामा द्या आणि पुन्हा मत मागा. २०१९ मध्ये साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी खासदारकी सोडून भाजपकडून पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. त्याच वर्षी कर्नाटकात पक्ष सोडलेल्यांच्या १५ जागांवर पोटनिवडणुका झाल्या, त्यातल्या १२ भाजपने जिंकल्या. निकाल दोन्हीकडे लागू शकतो. त्या राजीनाम्यांमागे सत्तेचं गणित नव्हतं असं नाही, पण निदान शेवटचा शब्द मतदाराचा राहिला.

त्यामुळे पुढच्या वेळी कोणी उडी मारली की शिवी जरूर द्या, पण सोबत एक प्रश्नही विचारा: ही विलीनीकरणाची सवलत अजून का ठेवली आहे? ती गेली, तर ज्याला पक्ष बदलायचाय त्याला पुन्हा माझ्या रूममेटच्या दारात यावं लागेल. आणि मग त्याच्या बसच्या तिकिटाला काही किंमत राहील.