वार्धक्याचा अभ्यास कोणी करायचा?

म्हातारपण सर्वांनाच येते, पण ते सर्वांना सारख्या वयात गाठत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृद्धांमध्ये अल्झायमर व तत्सम स्मृतिभ्रंशाचे प्रमाण श्वेतवर्णीय वृद्धांच्या सुमारे दुप्पट आढळते. उलट, या विकारांवर संशोधन करणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाचे आणि मूळनिवासी लोक लोकसंख्येच्या मानाने फारच थोडे आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथील राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने (स्थापना १९७४) महाविद्यालयांना अनुदान देणारी एक योजना चालवली. अशा समाजगटांतल्या, पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींना विद्यावेतन व प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम द्यायचे, मार्गदर्शक जोडून द्यायचा आणि त्यांना वार्धक्यविज्ञानातल्या पीएच.डी.कडे वळवायचे, असा तिचा आराखडा होता. हेतूविषयी आमचा वाद नाही. आम्हांला तपासायची आहे ती अशा योजनांमागची कल्पना.

ही कल्पना बहुधा नळाच्या उपमेने मांडली जाते. शाळेपासून संशोधनसंस्थेपर्यंत एक नळ आहे, तो मध्ये गळतो, गळती बुजवली की दुसऱ्या टोकाला पुरेसे संशोधक मिळतील. उपमा सोयीची आहे, म्हणूनच तिच्याखाली बरेच काही झाकले जाते.

गळती होते कशी, हे पाहण्याचा एक चांगला प्रयत्न १९७० च्या दशकात बर्कली येथे उरी ट्राइसमन या गणितज्ञाने केला. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. प्राध्यापकांजवळ उत्तरे तयार होती: तयारी कच्ची, घरी वातावरण नाही, जिद्द कमी. (शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या कोणालाही ही यादी अनोळखी वाटू नये.) ट्राइसमनने मुले अभ्यास कसा करतात हे त्यांच्याबरोबर राहून पाहिले. चिनी वंशाची मुले आधी एकेकट्याने गणिते सोडवत आणि मग एकत्र जमून एकमेकांच्या चुका काढत. कृष्णवर्णीय मुले मेहनत तेवढीच करत, पण एकटी. आपण जिथे अडलो तिथे इतरही अडले आहेत, हे त्यांना कळतच नसे. यावर ट्राइसमनने उजळणीचे वर्ग काढले नाहीत. नेहमीपेक्षा अवघड गणिते गटाने सोडवायला दिली, आणि निकाल सुधारले.

बाल्टिमोर काउंटी येथील मेरीलँड विद्यापीठात फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी १९८८ साली उभी केलेली मायरहॉफ योजना याच वळणाची आहे. पहिल्या वर्षाआधी उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, शिष्यवृत्ती, प्रयोगशाळेतले काम. पायाभूत विषयात जेमतेम गुण पडले तर तो विषय पुन्हा घेण्याचा आग्रह. कोविडवरील मॉडर्ना लशीच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच योजनेतून आल्या. निमंत्रण मिळूनही जे दुसरीकडे गेले त्यांच्याशी तुलना करता मायरहॉफचे विद्यार्थी पीएच.डी.कडे वळण्याचे प्रमाण सुमारे पाचपट भरले. आकडा मोठा आहे, तरी जपून वाचावा. निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. ज्यांना संशोधनाची ओढ आधीच होती तेच तेथे राहिले असतील. शिवाय ही मुले मुळातच गणितात वरच्या गुणांची होती. साध्या महाविद्यालयातल्या मध्यम गुणांच्या मुलीविषयी हा आकडा काही सांगत नाही.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. समजा, नळ गळायचा थांबला. टोकाशी काय होते? डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले, की शिक्षण, अनुभव, प्रकाशित लेख हे सर्व जमेस धरूनही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा शंभरांमागे १० ने कमी पडते. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासात या तफावतीचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग विषयाच्या निवडीशी जोडलेला निघाला. कृष्णवर्णीय संशोधक समाजाच्या पातळीवरील आरोग्याचे विषय अधिक निवडत, आणि पेशी-रेणूंच्या यंत्रणेवरील विषयांच्या मानाने त्यांना अनुदान कमी मिळे.

वार्धक्यविज्ञानात तर हे विषय बाजूचे नाहीतच. १९९२ साली आर्लाइन जेरोनिमस यांनी असे मांडले, की सततच्या हलाखीने व भेदभावाने शरीर वयाआधी झिजते. श्वेतवर्णीय स्त्रियांत विशीतल्या मातांची बाळे किशोरवयीन मातांच्या बाळांपेक्षा सुदृढ असतात. कृष्णवर्णीय स्त्रियांत मात्र वय वाढते तशी बाळांची स्थिती बिघडताना दिसली. या मांडणीवर सुरुवातीला कडाडून टीका झाली. आज पेशींतील बदलांवरून शरीराचे वय मोजणारे जीवशास्त्रज्ञही या प्रश्नाकडे वळले आहेत. विद्यार्थ्याला उंदराच्या मेंदूचे काप करायला शिकवायचे आणि त्याच्या आजीचे गुडघे पन्नाशीतच का गेले हा त्याचा प्रश्न मात्र ‘समाजशास्त्राचा’ म्हणून बाजूला ठेवायचा, तर प्रशिक्षण अर्धेच झाले.

२०२५ मध्ये अमेरिकी शासनाचे धोरण पालटले आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी अशा अनेक योजना बंद केल्या. १९७० च्या दशकापासून चाललेली ‘मार्क’ ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची योजनाही त्यांत गेली. तेथील संशोधकाला पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळते तेव्हा त्याने सरासरीने चाळिशी ओलांडलेली असते. २०१५ च्या सुमारास विशीत असताना प्रयोगशाळेत शिरलेले विद्यार्थी त्या टप्प्यापासून अजून दहा वर्षे दूर आहेत.