चीवराचा रंग : पुनर्निर्मिती आणि संशोधन

वर्षावासाच्या समाप्तीनंतर नांदेड-लातूरकडील विहारांत कठिन चीवरदान श्रद्धेने होते. उपासक तयार चीवर आणून संघास अर्पण करतात. त्यात गैर काही नाही. तथापि विनयातील मूळ विधीत, मिळालेले कापड कापून, शिवून, रंगवून भिक्षूंनी त्याच दिवशी पूर्ण करावयाचे असते. त्यासाठी किती हात लागत असतील, हा प्रश्न ग्रंथ वाचताना सहसा सुचत नाही. हाती सुई आणि चुलीवर रंगाचे भांडे असले म्हणजे सुचतो. प्राचीन कृती स्वतः करून पाहण्याचे संशोधनमूल्य येथे आहे.

महावग्गातील चीवरक्खन्धक या दृष्टीने पुन्हा वाचावा. भिक्षू प्रथम शेण व पिवळी माती वापरीत. रंग वाईट येई. म्हणून मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ अशा सहा रंगद्रव्यांना अनुज्ञा मिळाली. थंड रंगाला दुर्गंधी येई, म्हणून उकळण्याची मुभा मिळाली. रंग शिजला की नाही हे कळेना, म्हणून थेंब पाण्यात वा नखाच्या पाठीवर टाकून पाहण्यास सांगितले. आपण यांस नियम म्हणतो. वस्तुतः ती फसलेल्या प्रयत्नांची क्रमवार नोंद आहे.

मात्र या पद्धतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. समन्तपासादिका ही अट्ठकथा मुळांच्या रंगांतून हळद वगळते. नांदेड जिल्ह्यात हळद विपुल पिकते. कापड रंगवून उन्हात टाकले तर रंग लवकर उडतो, हे कोणीही पडताळू शकेल. पण म्हणून हळद याच कारणाने वगळली, असे सिद्ध होत नाही. वर्ण भिक्षूस अनुचित मानला गेला, हेही कारण संभवते. प्रयोग काय शक्य होते ते सांगतो. काय घडले ते सांगण्यास पुरावाच लागतो.

हा विवेक सुटला की पुनर्निर्मितीची केवळ प्रतिकृती होते. उदगीर येथील विश्वशांती बुद्ध विहाराचे ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झाले. अशा वास्तू श्रद्धेला आधार देतात. त्यांच्याकडून संशोधनाची अपेक्षा नाही. परंतु प्राचीन रूप उभे केले म्हणजे प्राचीन आचार कळला, असा समज मात्र घातक आहे.

आपल्याला तर हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वी आपल्याकडे धम्माचरणाची अखंड परंपरा उरली नव्हती. ती ग्रंथांवरून व अवशेषांवरून जुळवावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) च्या प्रस्तावनेत आपल्या कार्याची तुलना भग्न दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाशी केली आहे. कल्पनेला त्यांनी स्थान दिले, परंतु ते पुराव्यातील तुटलेले दुवे सांधण्यापुरते. आपल्या पालि अभ्यासकांनी एखाद्या वर्षावासात सालीच्या रंगाने एक चीवर रंगवावे, आणि जे फसले तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. विनयकारांनी तेच केले होते.