चूक कुणी दाखवायची? माँटेसरी पद्धतीकडे पुन्हा एकदा पाहताना

मागच्या व्याख्यानानंतर एक आजोबा आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "नातीला माँटेसरीत घालायचं चाललंय. पद्धत खरंच चांगली आहे, की नुसती महाग?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तराला आजचं व्याख्यान लागणार. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेही मोठ्या मुलांना. बालशिक्षणातले आम्ही जाणकार नव्हे. पण कुणी 'स्वातंत्र्य' म्हटलं की आमचे कान टवकारतात, आणि माँटेसरीबाईंचा सगळा डोलारा याच एका शब्दावर उभा आहे. तेव्हा तो तपासून पाहू.

सुरुवात कुठे झाली, ते आधी लक्षात घ्या. ६ जानेवारी १९०७, रोममधली सान लोरेन्झो ही गरिबांची वस्ती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं इमारतींचे जिने-भिंती खराब करीत. म्हणून घरमालक कंपनीने एक खोली काढून दिली आणि मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंना बोलावलं. म्हणजे हेतू भिंती वाचवण्याचा होता! बाईंनी त्याआधी मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांसोबत काम केलं होतं. इतार आणि सेग्वँ या फ्रेंच डॉक्टरांची साधनं त्यांनी अभ्यासली होती. तीच वाट त्यांनी या मजुरांच्या मुलांसाठी पुढे नेली.

आता एकच साधन घेऊ, दट्ट्यांची पेटी. लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्यात दहा खळगे, आणि त्यात बसणारे दहा दट्टे. मूल ते सगळे बाहेर काढतं आणि पुन्हा बसवतं. एखादा दट्टा चुकीच्या खळग्यात गेला, तर शेवटी एक दट्टा उरतो आणि तो कुठेच बसत नाही. बाईंनी काही बोलायची गरजच नाही. चूक झाली हे लाकूड सांगतं.

आमच्या मते माँटेसरीबाईंचा खरा शोध हा आहे. रंगीत मणी, गुलाबी मनोरा, खरकागदाची अक्षरं हे सगळं त्यानंतर. चूक दाखवण्याचा अधिकार त्यांनी माणसाकडून काढून वस्तूकडे दिला. आमच्या लहानपणी बेरीज चुकली हे आम्हांला पाटीवरून कधी कळलं नाही, मास्तरांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यामुळे आम्ही काय शिकलो? बेरीज थोडी, चेहरा वाचणं जास्त. आणि खेदाने सांगायचं, तर पुढे कॉलेजात आम्हीही वर्गासमोर तोच चेहरा घेऊन उभे राहिलो. एम.ए.ची मुलं उत्तर देताना प्रश्नाकडे पाहत नसत, आमच्याकडे पाहत. वयाच्या तिसऱ्या वर्षी लागलेली सवय तेविसाव्या वर्षी जात नाही, मंडळी.

पण परीक्षण म्हणजे नुसती स्तुती नव्हे. विल्यम किलपॅट्रिक हे ड्यूईंच्या परंपरेतले अमेरिकन शिक्षणज्ञ. १९१४ साली त्यांनी या पद्धतीची झाडाझडती घेणारं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचा एक आक्षेप असा की साधनं फार अरुंद आहेत. प्रत्येक साधनाचा उपयोग ठरलेला, कल्पनेला जागा कमी, आणि मुलांनी मिळून काही करण्यालाही कमी. हा आक्षेप आम्हांला निम्मा पटतो. लाकूड रागावत नाही हे खरं, पण लाकडालाही एकच उत्तर मान्य आहे. मूल मास्तरांच्या हुकमातून सुटलं आणि सुताराच्या हुकमात गेलं, असं कुणी म्हटलं तर काय सांगायचं? मुसोलिनीच्या राजवटीने १९२४पासून या शाळांना आश्रय दिला. शांतपणे, शिस्तीत कामात गढलेली मुलं हुकूमशहालाही आवडली असतील, असं आम्हांला वाटतं. पण १९३४ साली दोघांचं फाटलं, शाळा बंद पडल्या. स्वातंत्र्याचा जो अंश त्या शिस्तीत होता, तो त्या राजवटीला पचणारा नव्हता.

या आक्षेपाचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही, कारण ही पद्धत आपल्याकडेही आली. १९३९ साली बाई स्वतः मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं होतं. तिथेच ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ, आणि नंतर कोसबाडला वारली मुलांमध्ये काम उभं राहिलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात, तर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा.

तिथे परदेशी लाकडी पेट्या परवडणाऱ्या नव्हत्या. मग शिंपले, खडे, बिया, पानं आली. लोक याला काटकसर म्हणतात. आम्हांला त्यात तत्त्वाचा बदल दिसतो. बियांना खळगा नसतो. त्या रंगाने लावायच्या, की आकाराने, की झाडाप्रमाणे, हे मूल ठरवतं. किलपॅट्रिक जी मोकळीक मागत होते, ती कोसबाडच्या अंगणात आपसूक आली.

मात्र तिची किंमत आहे. खळगा गेला की चूक दाखवणारं लाकूडही गेलं. आता मुलाच्या मनात काय चाललंय हे ओळखणारी, आणि ओळखूनही गप्प राहू शकणारी बाई हवी. एंजेलिन लिलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली अमेरिकेत तुलना केली. निव्वळ माँटेसरी साधनं असलेल्या वर्गातली मुलं, इतर शाळांतल्या वर्कशीट वगैरे गोष्टींची भेसळ केलेल्या वर्गांतल्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली. म्हणजे मूळ साधनांत ताकद आहे, हे नाकारून चालणार नाही. साधन बदलायचं तर त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं, आणि ते काम माणसाचं आहे.

आज जगभर हजारो शाळांवर 'माँटेसरी' ही पाटी आहे. हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही लावू शकतं. मजुरांच्या मुलांसाठी निघालेली खोली आता बहुतेक ठिकाणी भरमसाट फी देणाऱ्यांची झाली. साधनं विकत मिळतात, म्हणून ती ब्रोशरात छापली जातात. बाईंचं गप्प राहणं छापता येत नाही. आणि आपल्याकडे? २०२०च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला, खेळातून शिक्षण म्हटलं. पण ज्या अंगणवाडी सेविकेने हे करायचं, तिला आपण पगार देत नाही, मानधन देतो. पोषण आहार, वजनं, लसीकरण, रजिस्टरं उरकून तिने एका मुलाच्या हातातल्या बियांकडे शांतपणे पाहायचं, अशी आपली अपेक्षा. सर्वांत अवघड काम सर्वांत कमी मोबदल्यात! आमच्यासारख्या प्राध्यापकाला चुकीचा चेहरा करण्याचेही पुरेसे पैसे मिळाले, हे या जागी कबूल केलं पाहिजे.

तर आजोबा, तुमचं उत्तर. शाळेत जा, पण साधनांचं कपाट पाहू नका. अर्धा तास कोपऱ्यात बसा. एखादं मूल चुकेल, चुकणारच. तेव्हा बाई काय करतात ते पाहा. हात पुढे करून दुरुस्त करतात, की थांबतात? आणि थांबल्या, तर मुलाकडे पाहत थांबतात, की मोबाइलकडे? मुलाकडे पाहत थांबल्या, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, नातीला तिथे घाला. आणि परत येताना आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीतही दहा मिनिटं बसा. तिथली सेविका थांबू शकत नसेल, तर ती का थांबू शकत नाही, तेही विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.