उन्हाळ्यात पाहिलेला सडा

मे महिन्यात सह्याद्रीतल्या एखाद्या सड्यावर उभे राहिले तर काय दिसते? काळपट-तांबडा जांभा, फटींत वाळलेले गवत आणि पायाला बसणारे चटके. तोच सडा ऑगस्टमध्ये पाहावा. उथळ डबक्यांच्या कडेने गेंदाचे पांढरे ठिपके, ओल्या मातीत सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, मधूनच दवबिंदूची चिकट लाल पाने. दोन्ही नोंदी खऱ्याच आहेत. पण सड्यावर खाण होऊ द्यायची की नाही, हे ठरवताना यांपैकी कोणती नोंद कागदावर येते?

आधी खाण तिथेच का येते ते पाहू. बेसाल्ट खडक लाखो वर्षे झिजताना त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते; लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. त्यातून जांभा बनतो आणि जिथे ॲल्युमिनियम पुरेसे साचते तिथे बॉक्साइट मिळते. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी व राधानगरी तालुक्यांत बॉक्साइटच्या खाणी झाल्या त्या यामुळेच. म्हणजे खनिज आणि वनस्पतींचे घर हा एकच थर आहे. येथील खाण म्हणजे डोंगराला पाडलेले भोक नव्हे, तर डोंगराचे छप्परच उतरवणे होय.

म्हणूनच आधीचे सर्वेक्षण महत्त्वाचे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणींना पर्यावरणीय आघाताचा अहवाल द्यावा लागतो. त्यात काय असावे याची प्रमाणित कार्यकक्षा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. खाणींसाठीच्या त्या यादीत हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती आणि प्राणी यांची मूळ स्थिती एका ऋतूत नोंदवण्यास सांगितले आहे. हा ऋतू पावसाळा सोडून कोणताही!

हवेच्या बाबतीत हे समजण्याजोगे आहे. पावसाने धूळ खाली बसते, म्हणून कोरड्या दिवसांतले मापन अधिक बोलके. पण हवेचे पंचांग वनस्पतींना कसे लागू पडेल? सड्यावरच्या पुष्कळ वनस्पती जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि नाहीशा होतात. वायतुरा वर्षाचा उरलेला काळ जमिनीखाली कंदाच्या रूपात काढतो. उन्हाळ्यात गेलेला सर्वेक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या वहीत यांतले फारच थोडे येणार. हा माणसाचा दोष नाही, पद्धतीचा आहे. अधिक अभ्यासाला नियमाची मनाई नाही हे खरे. परंतु किमान अट हीच व्यवहारात कमाल ठरते.

मातीचेही तसेच. सड्यावर माती सलग नसते. कुठे बोटभर, कुठे खळग्यात वीतभर. अनेक ठिकाणची माती एकत्र कालवून नमुना केला की हा फरकच पुसला जातो. मग नत्र, स्फुरद, पालाश मोजून शेरा मारायचा, 'सुपीकता कमी'. शेतीसाठी तो बरोबर आहे. पण दवबिंदू आणि सीतेची आसवे कीटक पकडतात ते नत्राच्या टंचाईमुळेच. जे शेताचे वैगुण्य, तीच या वनस्पतींच्या जगण्याची अट!

पुढची चूक यातूनच निघते. मूळ नोंदीत 'ओसाड खडक' असले की खाणीनंतर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही सुधारणाच वाटते. जिथे झाडे नव्हतीच तिथे झाडे लावणे म्हणजे पुनर्स्थापना नव्हे. उचलून साठवलेल्या मातीतून जांभ्याच्या फटी आणि डबकी परत येत नाहीत.

खाणच नको, असे आमचे म्हणणे नाही. ॲल्युमिनियमची भांडी आपल्या सर्वांच्या घरी आहेत. पण काय गमावणार याची खरी यादी समोर असल्याशिवाय निर्णय हा निर्णय राहत नाही. माती, वनस्पती आणि प्राणी यांसाठी पावसाळ्यातील नोंद सक्तीची करणे ही छोटीशी दुरुस्ती आहे. ती आम्हाला अत्यावश्यक वाटते.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. चार काठ्यांची एक मीटर बाजूची चौकट करा. जवळच्या सड्यावर किंवा खडकाळ माळावर खडक, फट, खळगा आणि डबक्याची कड अशा चार जागा खुणेने पक्क्या करा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दरमहा आणि पुन्हा एकदा मे महिन्यात तिथे चौकट ठेवून वनस्पतींचे प्रकार मोजा. नाव माहीत नसेल तर चित्र काढा, उपटू नका. मेची यादी आणि ऑगस्टची यादी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग मुलांनाच विचारा, यांतली एकच यादी पाहून या जागेचा निकाल द्यायचा झाला तर तुम्ही द्याल का?