झडतीचा हक्क आणि त्याची भाषा

अमली पदार्थ बाळगल्याबद्दल झालेल्या शिक्षांविरुद्धची कित्येक अपिले एका वाक्याच्या अर्थावर उभी असतात. म्हणून ती भाषाभ्यासकाच्याही विचाराचा विषय होत.

१९८५ च्या अधिनियमाचे कलम ५० असे की, अंगझडती घ्यावयाच्या इसमाने मागणी केल्यास त्याला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्याकडे वा दंडाधिकाऱ्याकडे नेले पाहिजे. मागणी करावयाची तर हक्क ठाऊक हवा. म्हणून तो सांगणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच होय, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली बलदेवसिंग प्रकरणात ठरविले. तो कोणत्या शब्दांत सांगावा, हा प्रश्न उरला. गोव्यातील एका अपिलात ‘तुमची इच्छा असल्यास’ एवढे म्हणणे पुरेसे मानले गेले. केरळातील एका प्रकरणात नुसती विचारणा अपुरी ठरली. अखेर २०१० साली दुसऱ्या घटनापीठाने ‘स्थूलमानाने अनुपालन’ ही कल्पनाच नाकारली.

हे योग्यच झाले. ‘दंडाधिकाऱ्यासमोर जावयाचे आहे काय?’ या प्रश्नाला, भोवती पोलीस उभे असता, ‘नाही’ हेच उत्तर स्वाभाविक होय. ‘तसा तुम्हांला कायद्याने हक्क आहे’ हे वाक्य मात्र प्रथम ज्ञान देते.

तथापि या निकालाने शब्दांचा ठराविक साचा आवश्यक मानला नाही. नांदेड-लातूरकडे ही उणीव विशेष जाणवते. येथे मराठीबरोबर दखनी, तेलुगू, गोरमाटीही बोलल्या जातात. ‘राजपत्रित’ हा शब्द कार्यालयीन मराठीचा. तो ऐकणाऱ्याला कितपत कळला, याचा पुरावा पंचनाम्यात नसतो. पुढे अपील औरंगाबाद खंडपीठापुढे जाते. तेथे मराठी पंचनामा इंग्रजी निकालात उतरतो, आणि ‘इच्छा’ व ‘हक्क’ यांतील अंतर भाषांतरावर सोपविले जाते.

अशा शब्दचिकित्सेने अपराधी सुटतील, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पिशवी वा वाहन यांच्या झडतीस हे कलम लागू नाही, असे २००५ सालीच ठरले. तेव्हा गांज्याची पोती या वाक्याच्या आधारे सुटत नाहीत. उलट २५० ग्रॅमहून अधिक हेरॉईन अंगावर सापडल्यास किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. एवढे ज्यावर अवलंबून, ते वाक्य संदिग्ध ठेवून चालणार नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने स्थळाची झडती व मालाची जप्ती यांचे दृक्‌श्राव्य चित्रण सांगितले आहे. अंगझडतीपूर्वीचे हे वाक्यही त्या इसमाच्या बोलीत उच्चारले जावे, त्याच्या उत्तरासह शब्दशः नोंदविले जावे. ते झाले, तरच अपिलात न्यायाधीशाला कागदावरील साच्याऐवजी प्रत्यक्ष बोलणे तपासता येईल.