एका खुंट्यावर दोन हात

आमच्या वाड्यात जातं एकच. पहाटे त्यावर आक्का, म्हणजे माझी थोरली चुलती, आणि शेजारची मावशी समोरासमोर बसायच्या. एका खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं उचलायची. मी गोधडीतून ऐकायचो.

ओव्यांत भाऊ यायचा, पंढरीचा विठ्ठल यायचा, सासू तर रोजचीच. पण मावशी समोर असली की आक्का मैतरणीच्या ओव्या लावायची. तिच्यासाठी चोळी घेतली, तिच्या वाटेकडं डोळे लागले, लोक काही का म्हणेनात, असा त्यांचा भाव. चुलत्यांच्या कानावर ते गेलं. "दळायला दोन बाया कशापायी लागत्यात?" एवढंच बोलले. दुसऱ्या दिवसापास्नं मावशी आली नाही. आक्का एकटीच दळत राहिली. गायची, पण भावाच्याच ओव्या.

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत मैत्रिणीच्या ओव्याही आहेत. आपण त्या वाचतो आणि 'सखीभाव' म्हणून पान उलटतो. माझी तक्रार इथं आहे. बाईनं पुरुषाची वाट पाहिली की आपल्याला शृंगार दिसतो. बाईनं बाईची पाहिली, तर शब्द तेच असूनही तो दिसत नाही. प्रत्येक सखीला प्रेयसी ठरवणंही खोटंच. सासुरवाशिणीला मायेचं एक माणूस पुरेसं असेल. पण ही शंका मनात धरूनच ओवी वाचायला हवी.

तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये १९८१ साली बाईचं बाईवरचं प्रेम रंगमंचावर आलं. जात्यावर त्याला नावच नव्हतं. नवऱ्याचंही नाव घ्यायची जिथं चोरी, तिथं नाव न घेता बोलायचं कसब बाया ओवीतच शिकल्या. टीकाकारांना जे ऐकू आलं नाही, ते माझ्या चुलत्यांना ऐकू आलं असावं. नाहीतर त्यांनी मावशीचं येणं का तोडलं असतं?

पुढं गावात गिरण आली. जातं परड्यात पडलं. आक्का थकल्यावर एकदा विचारलं, "आक्का, त्या मैतरणीच्या ओव्या कुणाच्या गं?"

ती बराच वेळ परड्याकडं बघत राहिली. "जात्याच्या," म्हणाली. "आन् जातं आता कोन वढतंय, बाबा?"