घरात शिरलेली संघटना : यांग योंग-ही यांचे दोन माहितीपट

परदेशात राहणाऱ्या समाजाच्या संघटनांचा इतिहास बहुधा ठराव, अधिवेशने आणि पदाधिकाऱ्यांच्या याद्या यांच्या आधारे लिहिला जातो. त्या संघटनेमुळे एखाद्या घरात कोण कोणापासून दुरावले, याची नोंद त्यात नसते. ओसाकात वाढलेल्या कोरियन दिग्दर्शिका यांग योंग-ही यांचे ‘डिअर प्याँगयांग’ (२००५) आणि ‘सूप अँड आयडियॉलॉजी’ (२०२१) हे माहितीपट नेमकी ही नोंद करतात. मात्र दोन्ही एकत्र पाहिले नाहीत, तर त्यांचा अर्थ पुरता लागत नाही. केवळ पहिला पाहणाऱ्याचा तर गैरसमज होण्याचाच संभव अधिक आहे.

या घराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते; त्यांपैकी सहाएक लाख तिथेच राहिले. १९५२ मध्ये जपानने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढे १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आली, तेव्हा नागरिकत्वाच्या अटीमुळे ते तिच्या बाहेर राहिले. ही अट १९८२ मध्ये निघाली. सरकारने सोडलेली ही पोकळी दोन संघटनांनी भरली. १९४६ मध्ये स्थापन झालेली ‘मिंदान’ दक्षिण कोरियाशी निष्ठा सांगणारी, तर १९५५ मध्ये स्थापन झालेली ‘छोंगर्योन’ उत्तर कोरियाशी. छोंगर्योनने कोरियन भाषेतल्या शाळा चालवल्या, १९५६ मध्ये टोकियोत विद्यापीठ काढले. कोरियन व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या पतसंस्थाही तिच्याच वर्तुळात वाढल्या. १९५७ पासून उत्तर कोरिया या शाळांसाठी पैसे पाठवू लागला. ज्या माणसाला यजमान देश हिशेबात धरत नव्हता, त्याच्या मुलांची फिकीर कोणीतरी करत होते. या मदतीचे मोल त्या काळी किती वाटले असेल, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

मदतीसोबत मागणीही आली. १९५९ च्या डिसेंबरात निईगाता बंदरातून पहिले जहाज उत्तर कोरियाकडे निघाले. त्यासाठीचा करार जपान आणि उत्तर कोरियाच्या रेडक्रॉस संस्थांनी त्याच वर्षी कोलकात्यात केला होता. १९८४ पर्यंत सुमारे ९३ हजार लोक या मार्गाने गेले. छोंगर्योनने या ‘मायदेशी परतण्या’चा हिरिरीने प्रचार केला. जपानी अधिकाऱ्यांनाही हा समाज कमी झालेला हवाच होता, हे इतिहासकार टेसा मॉरिस-सुझुकी यांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवले आहे. यांग यांचे वडील ओसाकातील छोंगर्योनचे ज्येष्ठ कार्यकर्ते. त्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या तिन्ही मुलांना तिकडे पाठवले. घरात उरली ती धाकटी मुलगी.

‘डिअर प्याँगयांग’मध्ये हीच मुलगी कॅमेरा हातात घेऊन वडिलांना प्रश्न विचारते. वडील गप्पिष्ट आहेत, बायकोची थट्टा करणारे आहेत. मुलीने जपानी आणि अमेरिकन सोडून कोणाशीही लग्न करावे, असे सांगणारेही आहेत. त्यांच्या सत्तरीचा सोहळा प्याँगयांगमध्ये होतो. तिथे छातीवर पदके लावून ते आपण निष्ठेत कमी पडलो असे बोलतात, आणि मुले-नातवंडे समोर बसून ऐकत असतात. आई मात्र वर्षानुवर्षे खोक्यांत वस्तू भरून मुलांकडे पाठवत असते. संघटनेच्या भाषणात ज्याला स्वर्ग म्हटले, तिथे काय काय मिळत नाही, हे ती खोकीच सांगतात. दिग्दर्शिकेला त्यावर टिप्पणी करावी लागत नाही. शेवटाकडे वडील अडखळत कबूल करतात, की मुलांना पाठवायला नको होते. मुलीने दक्षिण कोरियाचे नागरिकत्व घ्यायलाही ते हरकत घेत नाहीत. या चित्रपटानंतर उत्तर कोरियाने यांग यांना प्रवेश नाकारला.

चित्रपटाचे बळ या कबुलीत आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. कॅमेरा घराबाहेर फारसा जात नाही. शाळा, पतसंस्था, कागदपत्रांसाठी धावणारे कार्यकर्ते, म्हणजे ज्यामुळे लोक संघटनेला चिकटून राहिले ते सगळे, पडद्यावर जवळजवळ नाही. त्यामुळे परक्या प्रेक्षकाला वडील म्हणजे भाबड्या विचारनिष्ठेचा नमुना वाटू शकतात. शिवाय एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. जपानमधल्या कोरियनांपैकी बहुसंख्य मूळचे दक्षिणेकडचे; यांग यांचे वडीलही दक्षिणेतल्या जेजू बेटाचे. मग कधी न पाहिलेल्या उत्तरेला त्यांनी मायदेश का मानले?

सोळा वर्षांनी आलेला ‘सूप अँड आयडियॉलॉजी’ याचे उत्तर आईच्या तोंडून देतो. १९४८ च्या एप्रिलमध्ये जेजूत उठाव झाला आणि दक्षिणेकडील सत्तेने तो चिरडला. त्यात २५ ते ३० हजार माणसे मेली असावीत, असा दक्षिण कोरियाच्या सरकारी अहवालाचा अंदाज आहे. आई तेव्हा अठरा वर्षांची होती. तिचा वाग्दत्त वर या हिंसेत गेला. ती धाकट्या भावंडांना घेऊन बोटीने जपानला पळाली. हे तिने अनेक दशके दाबून ठेवले होते. ती बोलू लागते, आणि स्मृतिभ्रंश तिचे शब्द पुसू लागतो. २०१८ मध्ये मायलेकी जेजूला जातात, तोवर तिच्यापाशी फार थोडे उरलेले असते. प्याँगयांगवरची तिची श्रद्धा जितकी उत्तरेच्या ओढीची, तितकीच दक्षिणेच्या भीतीची होती, हे मुलीला इथे कळते. पहिल्या चित्रपटात आरोप करणारी मुलगी इथे ऐकणारी होते.

शीर्षकातले सूपही नुसते प्रतीक म्हणून येत नाही. लसूण आणि जिनसेंग भरलेली अख्खी कोंबडी तासन्‌तास शिजवून आई ते सूप करते, आणि वाढते ते जपानी जावयाला, म्हणजे वडिलांनी ज्यावर बंदी घातली होती त्यालाच. पुढे तो स्वतः ते करायला शिकतो. संघटनेची चौकट घरातून हलली, ती एखाद्या वादविवादाने नव्हे, हे यांग अगदी संथपणे दाखवतात.

तरीही या समेटाने हिशेब मिटत नाही, आणि चित्रपट तसा दावाही करत नाही. तिन्ही भावांची आयुष्ये तिकडेच गेली. छोंगर्योनने या समाजाला भाषा आणि शाळा दिल्या, त्याच हातांनी त्यांची मुले मागून घेतली. समीक्षकांना यातली एकच बाजू उचलून धरण्याचा मोह होतो. यांग यांच्या चित्रपटांनी दोन्ही बाजू एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाशी बसवल्या. निर्वासितांच्या संघटनांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने निदान तेवढी न्यायबुद्धी त्यांच्याकडून घ्यावी.